डावा बोळा

“बसला?” ट्रेनरने विचारलं.

“बसला,” मी म्हणाले, आणि तो हसायला लागला.

यात हसण्यासारखं काय आहे ते मला आधी कळेना. खोली लहान, वर एकच पंखा, भिंतीला हेल्मेटं टांगायच्या खुंट्या, खिडकीबाहेर हेलिकॉप्टर उतरतं त्या चौथऱ्याच्या कडेचं वाळकं गवत, आणि समोरच्या स्टुलावर हा पोट सुटलेला माणूस मांडीवर थाप मारून हसतोय. “सिस्टर,” तो म्हणाला, “खरंच बसला असता ना, तर तुम्ही एवढ्या मोठ्यांदा सांगितलं नसतं. बोळा नीट बसला की माणसाला आपलाच आवाज डोक्यात घुमायला लागतो, रिकाम्या पिंपात तोंड घातल्यासारखा. मग तो आपोआप हळू बोलतो. तुम्ही तर भाजीवाल्याशी घासाघीस करताय.” त्याने खणातून छोटा आरसा काढून माझ्यापुढे धरला. “सरळ बघा. मान वळवायची नाही. उजवीकडे काही दिसतं?” काही दिसत नव्हतं. “आणि डावीकडे?” डावीकडे, कानाच्या तोंडाशी असतो त्या लहानशा उंचवट्यामागून फोमची पिवळट कड डोकावत होती. दाराआड उभं राहून कुणीतरी आतलं बोलणं ऐकत असावं तशी. मी ते बघत राहिले. हा बोळा मी स्वतः घातला होता, माझ्या हाताने, आणि बसला असं मी अगदी मनापासून सांगितलं होतं. खोटं बोलताना पकडलं जाणं वेगळं. खरं बोलताना पकडलं गेलं की माणसाने बघायचं कुठे?

मी हेलिकॉप्टर अँब्युलन्सवर नर्स आहे. आम्ही ज्याला बोळा म्हणतो त्याला कंपनीच्या पुस्तकात लांबलचक नाव आहे, पण वस्तू एवढीशी: वाटाण्याएवढा स्पीकर, त्याला पोकळ नळी, नळीवर फिरवून बसवायचं फोमचं टोक, आणि मागे हेल्मेटला जोडायची बारीक वायर. फोम बाहेरचं इंजिन अडवतो, आणि त्याच्या पोटातल्या भोकातून पायलटचं, डॉक्टरचं बोलणं थेट कानात येतं. जगाला दार लावून घ्यायचं आणि कामाच्या दोन-तीन माणसांपुरती फट ठेवायची. कल्पना चांगली आहे. कॉलेजात असताना मला अशी एखादी वस्तू मिळाली असती तर मी ती वसतिगृहात कधी काढलीच नसती. वर्षाची कानतपासणी झाली म्हणून आज मी या स्टुलावर होते. त्या तपासणीत काचेच्या खोलीत बसवतात, कानांवर दोन वाट्या, हातात बटण. आवाज आला की दाबायचं. जाड आवाज, मग बारीक, मग त्याहून बारीक. मी दर वर्षी त्या खोलीत हुशार मुलीसारखी बसत आले आहे, उत्तर येतंय म्हणून थोडी आगाऊसुद्धा. या वेळी डाव्या कानातले आवाज बारीक होत होत एका ठिकाणी संपले. मी वाट बघत बसले. वाटलं, यंत्र थांबलं असेल. काचेपलीकडे डॉक्टरीणबाई एकामागून एक कळ फिरवत होत्या आणि मधूनमधून माझ्याकडे बघत होत्या, आणि मी त्यांच्याकडे बघून हसत होते.

“डावीकडचं वरचं टोक गेलंय,” त्या नंतर म्हणाल्या. “गेलेलं परत येत नाही, हे आधीच सांगते, म्हणजे इकडेतिकडे औषधं शोधत फिरू नका.” वरचं टोक म्हणजे काय काय, असं मी विचारलं. बाई भल्या होत्या, त्यांनी सोपं करून सांगितलं. पुरुषांचं बोलणं ऐकू येईल. गाड्या, दारं, भांडी, सगळं येईल. पाखरं कमी होतील. स, श, च, फ असली अक्षरं गळतील. लहान मुलांचं बोलणं अर्धवट लागेल. “घरात लहान मूल आहे?” मी आहे म्हणाले. “मग उजवा सांभाळा,” असं म्हणाल्या, पदरात दोन मुलं असावीत आणि त्यातलं एक गेलं असावं अशा आवाजात.

“पुन्हा घाला,” ट्रेनर म्हणाला. “मला दाखवत दाखवत घाला.” हा माणूस पूर्वी हेलिकॉप्टरच्या दारात बसून दोरीने माणसं वर ओढायचा. त्याचे स्वतःचे दोन्ही कान अर्धे गेलेले, त्यामुळे तो सगळ्यांशी नदीच्या पलीकडच्या माणसाशी बोलावं तसं बोलतो. “आमच्या वेळी कापूस कोंबायचो. माझी बायको म्हणते, इतकी वर्षं मी भांडले ते सगळं वाया गेलं.” मी फोमचं टोक नळीवर फिरवलं, पूर्ण, आटे संपेपर्यंत. बोटांत दाबून दाबून काडीसारखं बारीक केलं. उजवा हात डोक्यावरून नेऊन डाव्या कानाचा वरचा भाग धरला आणि वर, मागे ओढला. शाळेत मास्तर ओढायचे तसाच, फक्त इथे मास्तरही आपणच. टोक आत सरकवलं. “आता बोट तिथेच ठेवा. फोम आत फुगू दे. घाई नाही.” मी बोट ठेवलं. आणि मग मी ते पाहिलं. आरसा समोर होता म्हणून पाहिलं, एरवी आयुष्यभर पाहिलं नसतं. माझं बोट तिथे टिकत नव्हतं. मी ते काढत नव्हते, ते निघत होतं. झोपेत पाय पांघरुणाबाहेर येतो तसं. आणि बोटामागून फुगता फुगता बोळा सावकाश मागे सरकत होता, अगदी थोडासा. “तळवे कानांवर ठेवा,” ट्रेनर म्हणाला. “आता काढा. फरक पडला?” उजवीकडे काहीच नाही. डावीकडे पंख्याची घरघर बंद झाली आणि परत आली. “म्हणजे गळतंय. हवेत गेलात की तिथून सगळं इंजिन आत. कळ किती ठेवता आवाजाची?” अर्ध्याच्या वर, मी म्हणाले. “नीट बसला तर पाव कळ पुरते, सिस्टर. कळ वाढवावीशी वाटली की समजायचं बोळा सरकलाय. कळ सोडायची, बोळा बघायचा. एवढं लक्षात ठेवा, बाकी सगळं विसरा.” बाहेर इंजिन, त्याच्यावर मात करायला आत मोठा केलेला आवाज, आणि दोघांच्या मधे माझा कान. दोन भावांच्या भांडणात मधे पडलेल्या म्हातारीसारखा.

किती दिवस हे चाललं असेल याचा हिशेब करू नये असं मी स्वतःला बजावलं. पण सुरुवात कुठे झाली ते शोधल्याशिवाय माझं मन कुठल्याच गोष्टीवरून उठत नाही. बाळंतपणाच्या आधीच्या तपासणीत दोन्ही कान स्वच्छ होते. म्हणजे कामावर परत आले तिथपासून. म्हणजे बिटकीपासून. तिचं नाव वेगळं आहे, पण जन्मली ती एवढीशी, हिरवट, सुरकुतलेली, म्हणून नवऱ्याने तिला कच्ची कैरी ठरवलं आणि तेच चिकटलं. बिटकी जन्मली तेव्हा रडली नाही. ते टेबल माझ्या डोक्यामागे कुठेतरी होतं. मला दिसत नव्हतं, फक्त ऐकू येत होतं. बाळंतपणात नर्सला एक वेगळी शिक्षा असते, तिला सगळं कळत असतं. तळपायाला मारलेल्या टिचक्या कळत होत्या. नळीने घसा साफ करण्याचा तो चुळचुळ आवाज कळत होता. गप्पा मारणाऱ्या बायका गप्पा मारायच्या थांबल्या, तेही कळलं. दुसऱ्या कुणाला धावत बोलावून आणलं आणि तो चपला न काढता आत आला, तेही कळलं. कुणी काही बोलत नव्हतं. मी छताकडे बघत होते आणि माझं सगळं अंग नुसता कान झालं होतं. मग तो आवाज आला. कागद टराटरा नव्हे, सावकाश, अगदी कडेकडेने फाडावा तसा बारीक. त्याच्याहून बारीक काही असू शकेल असं वाटत नव्हतं. “घ्या, आली,” कुणीतरी म्हणालं. आली. म्हणजे तोवर ती आलेली नव्हती. तोवर मी एकटीच होते तिथे.

त्या दिवसापासून पोर रडली की माझ्या जिवात जीव येतो. बाकीच्या आया म्हणतात, झोपलं एकदाचं, आता उठू नको रे बाबा. मी म्हणते, ऊठ. रड. काहीतरी आवाज कर. ती शांत झोपली की मी तिच्या नाकाशी कान नेते. ती माझ्या डावीकडे भिंतीशी झोपते, त्यामुळे डावाच कान जातो. सासूबाई म्हणतात, “अगं, लेकराला झोपू देशील की नाही? श्वास मोजायला बसलीस तर तोही दचकून थांबेल.” त्यांची ही असली थट्टा असते. त्या हसतात आणि मी पुढचा अर्धा तास त्या वाक्याभोवती फिरत राहते. कामावर जायला लागले तेव्हा वाटलं होतं, वर गेलं की सुटेल. वरून शहर खोक्यांच्या ढिगासारखं दिसतं आणि त्यातलं आमचं खोकं कुठलं, हे मला कधी सापडलं नाही. तरी मी शोधायची. रुग्णाच्या हातात सुई जात असायची, तोंडाने डॉक्टरला आकडे सांगत असायची, आणि आतली कुणीतरी बाई खिडकीशी कान लावून उभी असायची. तेवढ्या उंचीवरून, तेवढ्या इंजिनातून, बंद घरातलं एक पोर ऐकू येईल अशी तिची समजूत होती का? समजूत नसेलच. तिला समजुतीची गरज नव्हती. तिने फक्त दार पूर्ण लावू दिलं नाही. मी दोन पदव्या घेतलेली बाई, मला कुणी विचारलं असतं तर मी हसले असते. पण मला कुणी विचारलं नाही, आणि तिनेही विचारलं नाही. माझ्या बोटाला हाताशी धरून तिने आपलं काम केलं. घराकडे उघडा ठेवलेला कान. त्यातून घर आलं नाही, इंजिन आलं. आणि इंजिनाने नेमकं तेच उचलून नेलं ज्यासाठी तो उघडा ठेवला होता.

“सर, डावाच का?” मी विचारलं. मला वाटतं, मी वाट बघत होते. तो काहीतरी म्हणेल, मग मी त्याला सांगेन, मग तो गप्प होईल, आणि हे जे झालं त्याला निदान एक आकार येईल. “त्यात काय?” ट्रेनर म्हणाला. “तुम्ही उजव्या हाताच्या. डाव्या हाताला जोर नसतो, बोट निसटतं. निम्म्या क्रूचा डावा उथळच असतो. कॅप्टनचा तर दोनदा गळून कॉलरमध्ये पडला होता. त्यांना वाटलं झुरळ.” तो पुन्हा हसला. मी हसले. आतली ती बाई, तिचा तो दाराशी लावलेला कान, ते टेबल, ती चपलांची धावाधाव, सगळं एका फटक्यात खाली बसलं. डाव्या हाताला जोर नसतो. बस, एवढंच. कदाचित तसंच असेल. मला तर दोन्ही खरं वाटतं, आणि दोन्हींपैकी कशानेच काही परत येत नाही.

मग त्याने स्वतः उठून माझं बोट आपल्या जाड बोटाखाली धरून ठेवलं. “आता कुठे पळतं बघू.” फोम आत फुगत गेला. आधी पंखा गेला. मग खिडकीबाहेरचं काहीतरी, जे ऐकू येतंय हे मला माहीतच नव्हतं, ते गेलं. मग डावीकडचं सगळं जग मिटलं, पापणी मिटावी तसं, आणि मला माझी लाळ गिळल्याचा आवाज आला, विहिरीत बादली टेकल्यासारखा. मी झटकन त्याचा हात ढकलला आणि बोळा ओढून काढला. “काय झालं?” “काही नाही. घाम आला.” तो माझ्याकडे बघत राहिला. हसला नाही. “होतं,” तो म्हणाला, त्याच्या मानाने बऱ्याच हळू आवाजात. “काहींना बुडाल्यासारखं वाटतं. परत घालू. घाई नाही.” आम्ही परत घातला. परत, आणि परत. शेवटी मी “बसला” म्हणाले तेव्हा तो शब्द माझ्याच कवटीत आपटून मला ऐकू आला, आणि त्याने समाधानाने मान हलवली. जेवणाच्या आधीच घंटा झाली. मी बोळे तसेच ठेवून हेल्मेट चढवलं, वायरींना ताण नाही ना ते बघितलं, आणि पळाले.

रुग्ण रंगारी होता, इमारतीच्या परांचीवरून खाली पडलेला. बोटांच्या पेरांत पोपटी रंग वाळला होता. भिंतीचा तेवढा भाग आता अर्धाच राहणार असं काहीतरी माझ्या मनात येऊन गेलं. त्याच्या कानांवर आम्ही साधी झाकणं चढवली होती. तो ओठ हलवत होता, मी त्याचा हात दाबत होते, सगळं नेहमीसारखं. फक्त आवाज वेगळे होते. मी कळ पाववर आणली होती आणि कॅप्टनचं बोलणं इतकं स्वच्छ येत होतं की दोन वाक्यांमधला त्याचा श्वास ऐकू येत होता. इतके महिने मी या माणसांबरोबर उडते आहे आणि कॅप्टनला सर्दी होती हे मला पहिल्यांदाच कळलं. इंजिन कुठेतरी खूप दूर, शेजारच्या घरात चाललेल्या शिलाई मशीनसारखं. खरं तर छान होतं. छान म्हणता म्हणता मला तो आवाज ऐकू आला. बारीक, सलग, कडेकडेने फाडलेला. डावीकडून. मी रुग्णाकडे पाहिलं, मॉनिटरकडे पाहिलं. “कॅप्टन, काही वाजतंय का? बारीक आवाज येतोय.” “माझ्याकडे सगळं ठीक आहे.” “रडल्यासारखा.” “मी असेन,” डॉक्टर म्हणाला, “सकाळपासून उपाशी आहे, पोट रडतंय.” कॅप्टन हसला, त्याचं शिंकरणं ऐकू आलं. तो आवाज त्यांच्या हसण्याच्या खाली तसाच चालू राहिला. मी बोलले की थांबत नव्हता, श्वास घेत नव्हता, वर-खाली होत नव्हता. खरं रडणारं मूल श्वास घ्यायला थांबतं. हे थांबत नव्हतं, म्हणजे हे मूल नव्हतं. मग मला कॉलेजातला एक धडा आठवला, परीक्षेपुरता पाठ केलेला. कानातल्या ज्या पेशी मरतात, त्यांचा सूर बाहेरून यायचा बंद झाला की मेंदू तो आतल्या आत वाजवत राहतो. रिकाम्या जागेची आठवण म्हणून म्हणा, सवय म्हणून म्हणा. प्राध्यापकांनी तेव्हा उदाहरण दिलं होतं, कापून टाकलेल्या पायाला खाज सुटते तसं, आणि आम्ही मागच्या बाकावर हसलो होतो.

हा माझ्यात आधीपासून वाजत असणार. बाहेरच्या गोंगाटाने झाकला गेला होता, आज पहिल्यांदा नीट दार लागलं म्हणून ऐकू आला. रंगाऱ्याचा हात धरून मी मागचे सगळे दिवस चाचपत गेले. नळाखाली भांडी धुताना किती वेळा मी पाणी बंद करून आत धावले होते आणि बिटकी गाढ झोपलेली असायची. “भास होतात तुला,” सासूबाई म्हणायच्या. “पहिलटकरणीला होतात. मलाही व्हायचे.” मी त्यावर विसंबले होते. वाटायचं, माया आहे, दुसरं काय. ती माया नव्हती. तो कान मरत होता, आणि मरताना तो बिटकीच्या आवाजात ओरडत होता, आणि मी हात पुसत पुसत त्याला घ्यायला धावत होते. आणि याच्या उलट? खरंच रडली असेल आणि मी तोच आहे, तोच नेहमीचा, असं समजून भांडी घासत राहिले असेन, तेव्हा? ते मला कधीच कळणार नाही. रंगारी अजून ओठ हलवत होता. मी खाली वाकले, त्याच्या तोंडाशी कान नेला, सवयीने डावा, आणि मग दुसरा. दोन्हींत बोळे होते. त्याचं काय म्हणणं होतं कुणास ठाऊक. त्याला खाली उतरवून घेतलं, चाकांच्या पलंगावरून नेलं, आणि माझं काम संपलं.

घरी पोचले तेव्हा ऊन अजून गॅलरीत होतं. सासूबाई मटार सोलत बसल्या होत्या, बिटकी सोललेल्या शेंगांच्या ढिगात. “आलीस? बरं झालं. हिला दाणे खायचे नाहीत, मोजायचे आहेत,” त्या म्हणाल्या. बिटकीने मला बघून हात वर केले आणि बोलायला लागली. तिचं सध्याचं बोलणं म्हणजे सगळं वाऱ्यावरचं असतं, ओठांच्या टोकावर, अर्धा श्वास आणि अर्धा शब्द. मी तिला समोर बसवलं. उजवा कान तळव्याने घट्ट दाबला आणि नुसत्या डाव्याने ऐकलं. समोर तीच होती. ओठ हलत होते, जीभ दातांना लागत होती, थुंकीचा बुडबुडा फुटत होता. मला ऐकू आलं ते आ, ऊ, ओ. मधली सगळी अक्षरं कुणीतरी काढून घेतलेली. उंदरांनी कुरतडलेल्या कपड्यासारखं बोलणं, कापड आहे पण कड नाही. आणि जिथे कड असायला हवी तिथे तो दुसरा आवाज, तिचा जुना, पहिल्या दिवसाचा, न थांबणारा. मी हात काढला. ती पूर्ण झाली. मी हात दाबला. ती अर्धी झाली. बिटकीला वाटलं हा खेळ आहे. तिनेही आपले दोन्ही तळवे गालांवर थापले आणि हसली.

“काय गं, कान दुखतोय?” नवरा दारात बूट काढत होता. मी त्याला तपासणीचं सांगितलं नव्हतं. शब्द जमवून, नीट, जेवताना सांगायचं ठरवलं होतं. “डावा कान गेलाय,” मी म्हणाले. “कुठे गेलाय? फिरायला?” आणि मग माझं तोंड बघून तो एका पायात बूट घेऊन तसाच उभा राहिला. “म्हणजे काय? गेलाय म्हणजे?” मी जेवढं सांगता येईल तेवढं सांगितलं. बारीक आवाज. वरचं टोक. परत येत नाही. “परत येत नाही असं कसं? दुसऱ्याला दाखवू. तिसऱ्याला दाखवू. हल्ली काय नाही होत.” तो खोलीत येरझाऱ्या घालायला लागला, एक पाय बुटात, एक मोज्यात. “आणि तू इतके दिवस करत काय होतीस? तुला कळलं नाही? सगळ्या घराला जिवाचा घोर लावतेस, याला सर्दी झाली का, तिला ताप आला का, आणि स्वतःचा कान जाताना तुला कळत नाही?” “ओरडू नकोस.” “मी ओरडत नाहीये!” “अरे, मग ऐकू जातंय ना तिला, म्हणजे बरंय,” सासूबाई म्हणाल्या, आणि कुणी हसलं नाही तेव्हा त्यांनी शेंगांचं ताट बाजूला सारलं. “कोमट तेल सोडू का गं दोन थेंब?” त्यांच्या आवाजात इतकी खरी काळजी होती की मी हो म्हणाले. काही होणार नव्हतं, पण कुणीतरी माझं डोकं मांडीवर घेईल एवढं तरी झालं असतं. मग त्या तेल विसरल्या, नवरा कुणाला तरी फोन लावायला गॅलरीत गेला, आणि मी खाली बसून दोरीवरचे वाळलेले कपडे घड्या करायला घेतले. हातांना काहीतरी हवं होतं. लहान लहान कपडे, बाह्या उलटलेल्या. मी त्या सुलट करत होते.

“ती बघ, येतेय तुझ्याकडे,” सासूबाई म्हणाल्या. मी मान वळवली. बिटकी माझ्या डाव्या खांद्यापाशी उभी होती, अगदी जवळ, माझा कुडता मुठीत धरून. केव्हा आली, मला कळलं नव्हतं. ती काही म्हणाली असेल, माझ्या हातात अजून बाही होती. मी “काय गं?” म्हणेपर्यंत तिने मूठ सोडली, माझ्या पाठीला हात टेकला, आणि भिंत धरून चालतात तशी माझ्या पाठीला धरत धरत, एकेक पाऊल चाचपत, मागून वळसा घालून उजवीकडे निघाली. वाटेत एकदा धपकन बसली. परत उठली. “तिकडूनच जाते बघ ती,” सासूबाई कौतुकाने म्हणाल्या. “माझ्याशी कुठूनही बोलेल. त्याच्याशी कुठूनही. तुझ्याशी बोलायचं म्हणजे बाईंना सगळी प्रदक्षिणा करायची असते. पाय फुटले तेव्हापासून. मी म्हटलं, असते एकेकाची खोड.” माझ्या हातातली बाही तशीच राहिली. मी मुद्दाम, बसल्या बसल्या, सगळी वळले. आता पुन्हा माझी डावी बाजू तिच्यापुढे आली. ती थांबली. रागावली नाही, रडली नाही, हाकही मारली नाही. वॉर्डात म्हाताऱ्या रुग्णांनी तेच परत विचारलं की आम्ही ज्या नजरेने बघतो, तशा नजरेने तिने माझ्याकडे पाहिलं, पुन्हा माझ्या पाठीला हात टेकला आणि चालायला लागली. तिची बोटं माझ्या मणक्यावरून पुढे सरकत होती. उजव्या खांद्याशी आल्यावर तिने माझे केस मुठीने बाजूला केले, तोंड कानाला लावलं आणि मोठ्याने म्हणाली, “आ.” मग मागे सरून, ऐकू आलं का ते बघायला, तिने माझ्या चेहऱ्याकडे निरखून पाहिलं, आणि पुन्हा जवळ येऊन म्हणाली, “ई.”